कापडाला हात लावायचा नाही

मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. साधासुधा हेवा नाही. तिने डबा उघडून मेथीचा पराठा खायला घेतला तरी माझ्या पोटात दुखायचं. पराठ्याशी माझं काय भांडण होतं? काही नाही. पण ती खायची मॅडमच्या टेबलावर कोपर टेकून, त्यांच्याशी गप्पा मारत, आणि मी भिंतीकडच्या खुर्चीत, गुडघ्यांवर डबा धरून. मला तिकडे बसू नको असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

आम्ही दोघी सुरतेतल्या एका कॉलेजात एकाच कामावर होतो. वर्षाच्या आतलं बाळ विचार कसा करायला लागतं, ते बघायचं काम. हे सांगितलं की लोक हसतात. माझा भाऊ लूम चालवतो, तो म्हणाला, "म्हणजे पोरं खेळवायचा पगार देतात तुला? घरात एक आहे, तिला फुकट खेळव." पण ज्याला अजून शब्द फुटलेला नाही त्याच्या डोक्यात काय चाललंय हे ओळखायचं म्हणजे खेळ नव्हे. त्याला विचारता येत नाही. ते कुठे टक लावून बघतं, कशाने दचकतं, कशाला हात घालतं, त्यावरून अंदाज बांधायचा. अंदाज चुकला तरी बाळ काही सांगायला येत नाही.

मॅडम गुजराती. मराठी कळायचं त्यांना, पण आमच्याशी हिंदीत बोलायच्या, खूश झाल्या किंवा चिडल्या की गुजरातीत. त्यांच्या हाताखाली मी, लिंबायतची, खानदेशातून आलेल्या घरातली पण जन्माने सुरतेचीच, आणि दुसरी ती, पुण्याहून आलेली. मी तिला मनातल्या मनात पुणेकरीण म्हणायचे, इथेही तेच म्हणते. आमचं काम उन्हाळ्यात संपणार होतं आणि त्याच्या मागोमाग नवं सुरू होणार होतं. वस्तीत घरोघरी जाऊन बाळांना त्यांच्याच घरात बघायचं, लिंबायत, उधना, कतारगाम. त्याला दोघींपैकी एकीलाच ठेवायचं होतं. जिच्या वाट्याला ते आलं नाही तिने दुसरीकडे नोकरी शोधायची.

ते काम मला हवं होतं. त्या गल्ल्यांत मी वाढले. कुठल्या बोळात दुपारी नळाला पाणी येतं, कुठल्या घरात सासू झोपलेली असताना दार वाजवायचं नाही, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. त्या कामावर कुठली चप्पल घालायची तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. फक्त मला ते हवंय, एवढं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुणेकरणीला बोलायला निमित्तही लागायचं नाही. मॅडमच्या खोलीत ती बोलत बोलत शिरायची. मी दारात उभी राहून "येऊ का?" विचारायचे, आणि मॅडमचं लक्ष नसलं तर तशीच उभी. तेवढ्यात ती माझ्या बाजूने आत जायची, वर मलाच म्हणायची, "अगं ये ना, उभी काय!" आतिथ्य बघा. जसं काही तिच्या बापाचं घर.

आता आमचा तो खेळ सांगते, कारण सगळं रामायण त्यावरून झालं. बाळ आईच्या मांडीवर बसायचं. समोर टेबल. आमच्यापैकी एक जण खुळखुळा वाजवून दाखवायची, बाळाच्या देखत टेबलावर ठेवायची आणि त्यावर रुमालाएवढं कापड टाकायची. मग थांबायचं. बाळाने कापड ओढून खुळखुळा काढला, तर दिसत नसली तरी वस्तू तिथे असते हे त्याला कळलंय. नाही काढला, तर अजून कळलेलं नाही. आईने बोलायचं नाही, इशारा करायचा नाही, सरळ छताकडे बघत बसायचं. कापड मॅडमनी स्वतः मार्केटातून आणलं होतं, गुलाबी, चकचकीत, काठाला जर. सुरतेत बसून साधं कापड कोण आणतंय!

अडाजणच्या सुखवस्तू सोसायट्यांतली बाळं यायची आणि कापड भिरकावून द्यायची. खुळखुळा थेट तोंडात. मग आमच्या लिंबायतची बाळं यायला लागली. खुळखुळा झाकला की ती बरोबर तिथेच बघायची. हात पुढे यायचा, अर्ध्यावर थांबायचा. मान मागे वळवून बाळ आईच्या तोंडाकडे बघायचं. आई आम्ही बजावल्याप्रमाणे छताकडे. बाळ पुन्हा कापडाकडे बघायचं, पुन्हा आईकडे, आणि मग हात मांडीवर. आम्ही कागदावर लिहायचो, "शोधलं नाही." मान वळवली त्याचं "लक्ष दुसरीकडे." कतारगामच्या गुजराती आयांच्या काही बाळांचंही तेच. मॅडम बुचकळ्यात पडल्या. एक आई जाताना मला मराठीत हळूच म्हणाली, "ताई, माझं पोरगं मंद आहे का हो?" मी म्हटलं, "छे हो." तिला ते पटलं नाही, पदराने डोळे पुसत रिक्षात बसली.

मला लिंबायतच्या पहिल्याच बाळावरून कळलं होतं काय आहे ते.

आमच्या घरात आधी आई आणि आता वहिनी साड्यांना गम लावून चकचकीत खडे चिकटवतात. शेठकडून साड्यांचं पोटलं, म्हणजे गाठोडं येतं, साडी खोलीभर पसरते, बसायला जागा तेवढी उरते. कामाला बसलेलं माणूस जेवणाखेरीज हलत नाही. रांगणारं पोर साडीकडे यायला लागलं की घरात असेल तो ओरडतो, "अं हं!" एक खडा निघाला, एक डाग पडला की शेठ अख्खी साडी गळ्यात मारतो. म्हणून आमच्या पोरांना "आई" म्हणता येण्याआधी एवढं कळतं, की चकचकीत कापड दिसलं तर हात लावायचा नाही, आधी मोठ्यांच्या तोंडाकडे बघायचं. मीही अशीच वाढले. हातावर बसलेल्या चापट्या आई अजून पाहुण्यांना कौतुकाने सांगते. "एकदा सांगितलं की पुन्हा हात लावला नाही माझ्या पोरीने," म्हणते.

कतारगामलाही घरोघरी हेच काम चालतं. ज्या घरात साडी, त्या घरातलं बाळ कापड उचलत नव्हतं. इतकं सोपं.

मग मी बोलले का नाही? दर सोमवारी बैठकीला मी हे उत्तर घेऊन बसायचे, देवाशप्पथ. मॅडम कागद चाळायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. आता वर बघतील, मला विचारतील, मग बोलू. त्या वर बघायच्या ते पुणेकरणीकडे, कारण तोवर तिची गाडी सुटलेली असायची. आणि तिचं सगळं चुकीचं असायचं, बरं का! एकदा म्हणाली, बाळं उन्हातून येतात म्हणून दमत असतील. एकदा म्हणाली, खुळखुळ्याचा रंग आवडत नसेल. मॅडम नाही म्हणाल्या की हसायची, "नाही का? बरं." संपलं. चुकीचं बोलण्याचा तिच्यावर ओरखडाही उठायचा नाही. मी बरोबर उत्तर घेऊन गप्प, आणि ही चुकीची उत्तरं वाटत सुटलेली, आणि तरी मॅडमना हीच हुशार वाटायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिला घरी आणायची कल्पना आईची. "परक्या गावात एकटी राहते पोर, खाऊ घाल तिला," म्हणून पाठीस लागली. मी टाळून टाळून किती टाळणार? एका रविवारी पुणेकरीण आली. खाली मांडी घालून बसली, शेवेची भाजी दोनदा मागून घेतली, कळण्याची भाकरी कशी करतात ते वहिनीला विचारलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठेचा खाल्ला. आईचा चेहरा असा फुललेला मी माझ्या निकालालाही बघितला नव्हता. "किती गोड पोर वं माय!" मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि माझी भाची, जी शेजारणीने हात पुढे केला तरी भोकाड पसरते, ती जाऊन हिच्या मांडीवर बसली. नऊ महिने मी तिचं शी-शू काढलं! फितूर कार्टी.

जेवणं झाल्यावर वहिनीने साडी पुन्हा पसरली, कारण संध्याकाळी ती शेठकडे परत जायची होती. भाची तिच्या प्लॅस्टिकच्या चमच्याने जमीन बडवत होती. चमचा हातातून सुटला आणि घसरत साडीच्या काठाखाली गेला. तिने तो जाताना बघितला. रांगत गेली, हात पुढे केला.

"अं हं!" वहिनी म्हणाली. तिने मान वरसुद्धा केली नाही, बोटं खड्यांवरच.

भाचीचा हात अर्ध्यावर थांबला. तिने वहिनीच्या तोंडाकडे बघितलं.

मी मात्र पुणेकरणीकडे बघत होते. तिच्या हातात ताकाचा पेला होता, तो तसाच राहिला. तिची नजर बाळाच्या हातावरून साडीवर, साडीवरून वहिनीवर गेली. दूध वर येताना दिसतं आणि आपण ओट्यापासून लांब असतो, तसं माझं झालं. काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, "बडीशेप घेतेस?"

"थांब थांब थांब," ती म्हणाली. पेला खाली ठेवला. "अगं, हिला माहितीये चमचा कुठे आहे ते! ती विसरलेली नाहीये. ती विचारतेय, घेऊ का म्हणून! आपली सगळी बाळं... अगं, ते कापड!"

आता तरी मी म्हणायला हवं होतं, की बाई गं, मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझ्या तोंडून निघालं, "हो का?"

हो का! माझ्या घरात, माझ्या वहिनीची साडी, माझी भाची, आणि मी पाहुण्यासारखी "हो का"?

सोमवारी तिने ते मॅडमना सांगितलं. चोरलं असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण तिने प्रामाणिकपणे सांगितलं, "हिच्या घरी जेवायला गेले होते, तिथे बघितलं." म्हणजे घर माझं आणि डोकं तिचं. मॅडम खुर्चीतून उठल्याच. "अरे वाह! अरे वाह, बेन!" गुजराती सुरू झालं, म्हणजे स्वारी भलतीच खूश. मला म्हणाल्या, तुझ्या वहिनीला थँक्यू सांग.

कापड गेलं आणि स्टीलच्या वाट्या आल्या. लिंबायतची तीच बाळं पुन्हा बोलावली. खुळखुळ्यावर वाटी पालथी घातली की बाळ क्षणभरही थांबायचं नाही, वाटी उचलायची, टेबलावर दणादण आपटायची, खुळखुळा तोंडात. वाटीला हात लावू नको असं त्यांना कुणी कधी म्हटलेलंच नव्हतं. खोलीभर खणखणाट. पोरगं मंद आहे का विचारणारी ती आई छताकडे बघायचं विसरून हसत सुटली आणि आम्ही तिला गप्प केलं नाही. जाताना तिने पुणेकरणीचा हात हातात धरला. "ताई, तुमचे उपकार," म्हणाली. मला आनंद झाला नाही असं नाही. पण तो हात तिने माझा धरायला हवा होता. रिक्षात बसेपर्यंत तिच्याबरोबर मी गेले होते त्या दिवशी, ही नव्हे.

नवं काम कुणाला द्यायचं ते ठरवायला मॅडमनी आम्हाला दुपारी बोलावलं. खिडकीचे पडदे ओढलेले, पंखा फिरत होता. मॅडम चष्म्याची काच पुसत होत्या.

"बोलो," त्या म्हणाल्या. "बस्तीवाला काम कौन करेगा?"

माझ्या तोंडात होतं, मी. जिभेच्या टोकावर. मी मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. त्या चष्मा पुसत होत्या. वर बघू देत, मग म्हणते. काच पुसून झाली, त्यांनी ती उजेडाकडे धरली, दुसरी पुसायला घेतली.

"मी करीन, मॅडम," पुणेकरीण म्हणाली. "मला खूप आवडेल."

"ठीक है," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

झालं. एवढ्यात झालं. मी उठून बाहेर आले. व्हरांड्यात हात धुवायचा नळ होता, तो सुरू करून उगाच हात धूत बसले. पुणेकरीण मागून आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो माझ्यासाठी जरा झाकलेला होता, त्याने माझं डोकं जास्तच फिरलं.

"तू काहीच बोलली नाहीस," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला नकोच असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नको असेल?" मी म्हटलं. "लिही मग कागदावर, शोधलं नाही! लक्ष दुसरीकडे! असंच लिहितो ना आपण?"

"अगं, काय बोलतेयस?"

"त्या बाळांना कळतं हे तुला कळलं. मग माझ्यासमोरही वाटी ठेवायचीस ना!"

माझा आवाज एवढा चढला की जिन्यावरचा शिपाई डोकावून गेला. पुणेकरीण माझ्याकडे बघत राहिली. आधी तिला अर्थ लागेना, मग हळूहळू लागला. ते तिच्या डोळ्यांत उतरताना मी बघितलं, जसं त्या रविवारी बघितलं होतं. "अगं बाई," एवढंच म्हणाली. तिला बोलायला काही सुचत नाहीये असं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मी नळ बंद केला आणि मॅडमच्या खोलीत शिरले. येऊ का, विचारलं नाही.

"मॅडम, ते काम मला हवंय," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, हिंदी आठवलीच नाही. मग सगळंच सांगितलं, साडीचं, खड्यांचं, पहिल्या बाळाचं. मॅडमनी मध्ये तोडलं नाही.

"पहले दिन से पता था?"

"हो."

"तो बोली क्यों नहीं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. इतके दिवस मी ज्या नजरेची वाट बघत होते ती आता माझ्यावरच होती, आणि माझ्याकडे बोलायचं काही उरलं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "अब तो मैंने हाँ कह दिया, बेटा." रागाने नाही म्हणाल्या. राग असता तर सोपं गेलं असतं.

काम पुणेकरणीला मिळालं. ती मला संध्याकाळी गेटपाशी गाठून म्हणाली, मी मॅडमना सांगते, तूच घे. मी नको म्हटलं. ती मनापासून म्हणत होती, म्हणून तर नको म्हटलं. तिने सोडलेलं घेतलं असतं तर पुढची सगळी वर्षं तिच्या तोंडाकडे बघत काढली असती.

घरी गेले तर दारातच आईने विचारलं, "काय व्हयनं तुले?" मी काही नाही म्हटलं आणि भिंतीला टेकून बसले. खोलीत अंजिरी साडी पसरलेली होती, निम्म्या खड्यांचा गम अजून ओला. वहिनी भात टाकायला आत गेली होती. जाताना म्हणाली, "ताई, तिच्याकडे जरा बघा हं."

भाची साडीच्या कडेला बसली होती. साडीखाली काहीतरी फुगलेलं दिसत होतं. चमचाच असणार, दुसरं काय आहे तिच्याकडे. ती त्या फुगवट्याकडे बघत होती. हात पुढे गेला, अर्ध्यावर थांबला. तिने मान वळवून वहिनीला शोधलं, वहिनी नव्हती. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

एवढा वेळ कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं कधी. काळेभोर डोळे, पापणी हलत नव्हती. हात तसाच हवेत.

"घे," मी म्हटलं.

तिला खरं वाटलं नाही. पुन्हा बघितलं.

"अगं घे! तुझाच आहे, घे!"

तिने दोन्ही मुठींनी साडी धरली आणि ओढली. खडे सगळीकडे उडाले. गमाच्या वाटीने कोलांटी घेतली, साडीच्या काठावर ओघळ आला. "माय वं!" म्हणत वहिनी डाव घेऊन धावत आली. "ताई! अहो तुम्ही इथे बसून! आता काय तोंड दाखवू मी शेठला?" आई कपाळाला हात लावून उभी. भाची चमच्याने जमीन बडवायला लागली होती. तिने आमच्यापैकी कुणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही.

मी ओणवी होऊन खडे वेचत होते, वहिनी वरून बोलत होती, आणि तशातही मला त्या एवढ्याशा पोरीचा हेवा वाटला. पुणेकरणीचाही वाटला नसेल इतका. अजून दात पुरते आले नव्हते, आणि तिला कुणीतरी घे म्हणालं होतं.